पाण्याला बसायला जागा

भुईगाव, २८ एप्रिल

इनास,

हे पत्र जयवंतीच्या हातून येतंय. ती कळंबहून मासे घेऊन आधी माझ्या दारात बसते आणि मग तुझ्या, त्यामुळे कागदाला बोंबलाचा वास येईल. येऊ दे. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस आणि मी समोर आले की कानातलं यंत्र काढून खिशात घालतोस. आई गेल्यावर महिन्याची मिस्सा झाली, चर्चमधून आल्यावर ओट्यावर पहिल्यांदा काढलंस, त्याला चार वर्षं झाली. सख्खी बहीण बावखलाच्या या काठाला, सख्खा भाऊ त्या काठाला, आणि मध्ये तळ्यातले बेडूक. त्यांचं तरी एकमेकांशी बोलणं चालू आहे. कागद वाचायला कान लागत नाहीत, डोळे लागतात, आणि तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच समोर उभी राहून करून घेतलंय. तेव्हा वाच.

परवा तुझ्या बाजूला दोन माणसं टेप लावून फिरत होती. मी खिडकीतून विचारलं तर म्हणाली, साइट बघतोय. आपल्या बावखलाला साइट म्हणणारी माणसं आळीत आली तेव्हाच मी चपला घातल्या. मग रायनला गाठला. तुझा मुलगा खोटं बोलत नाही, हा गुण त्याने त्याच्या आईकडून, जीनाकडून घेतलाय. म्हणाला, पप्पा आपली अर्धी बाजू भरून घेतायत, त्यावर घर बांधायचंय. नोव्हेंबरात त्याचं क्रिस्टिनाशी लग्न, सून अर्नाळ्याहून येणार आणि तुझ्या दोन खोल्यांत मावणार नाही. म्हणजे दोघं तुळिंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार. एकदा मुलगा रेल्वेलाइनच्या पूर्वेला गेला की सणापुरता येतो, हे आपण आळीतल्या घराघरांत पाहिलंय. तुझी भीती मला कळते. मी त्याची आत्या आहे, तो इथेच राहावा असं मलाही वाटतं.

पण घर बांधायला तुला खड्डाच सापडला?

बाबा सांगायचे, त्यांच्या पणजोबांनी वाडीला पाणी द्यायला तो खणला. आळीतली सगळ्यात सखल जागा ती. बारा घरांची कौलं, अंगणं, वाट, सगळ्यांचं पाणी उतरून तिथे येतं आणि तिथून कुठेही जात नाही. त्याला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही. तिथेच बसतं, हळूहळू जिरतं आणि मे महिन्यात आपल्या विहिरींत वर येतं. समुद्राची गाज घरात ऐकू येते आणि विहिरीचं पाणी मात्र गोड, ते काय तुझ्या बँकेने गोड केलं? मॅनेजर होऊन रिटायर झालास म्हणून पाणी तुझं ऐकणार नाही. आई काय म्हणायची आठव. “पान्याला बसायला जागा द्या, नायतर ते तुमच्या खाटल्यावर येऊन बसेल.” आपण दोघेही हसायचो तिला.

बाबांनी बावखल आपल्या दोघांत अर्धं अर्धं वाटलं. माझी बाजू मी देणार नाही, आणि तुझी भरायला माझी हरकत आहे. आता हे लेखी आहे, ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही.

तुझी मोठी बहीण (बाबांनी सांगितलं होतं, मोठीचं ऐक),
ॲंजेला


भुईगाव, १९ मे

इनास,

भरलंस.

पाच दिवस डंपर येत होते. पूर्वेला कुठली तरी बिल्डिंग पाडली असणार, तिच्या गुलाबी टाइल्स, अर्धं वॉशबेसिन, कुणाच्या तरी देव्हाऱ्याची फरशी, सगळं आपल्या बावखलात पडताना मी पाहिलं. पहिल्या दिवशी मी वाटेत खुर्ची टाकून बसले तर ड्रायव्हर बिचारा खाली उतरून उभा राहिला. मग तू आलास. कान उघडे, म्हणजे यंत्र खिशात. कागद दाखवलास, तुझी बाजू तुझ्या नावावर आहे म्हणून. ते मला माहीतच आहे. नावावर आहे म्हणून माणूस आपलं नाक कापून घेत नाही. पण वाट तुझी होती, मी उठले. ती एकदाच. पुन्हा उठणार नाही, आणि का ते पुढे वाच.

तू माझ्यामागे दुसरं लचांड लावून दिलंस. काल गटाराचा ठेकेदार माझ्या दारात. मोठा रस्ता उंच झाला, त्याच्या कडेने नवं गटार खाडीला नेऊन सोडलंय, तुझ्या अंगणाचं पाणी त्याला जोडलंय. हे झालं तुझं. आता म्हणे माझ्या उरलेल्या अर्ध्या बावखलाचा बांध फोडून पाइप टाकायचा आणि तेही गटाराला जोडायचं. अर्जावर आळीतल्या नऊ घरांच्या सह्या आणि सगळ्यात वर तुझी, ऐटबाज, जशी बँकेत करायचास.

तो म्हणाला, “मॅडम, तुमचा पानी साचून ऱ्हातो. निचराच नाय.”

मी म्हटलं, निचरा आहे. तो खाली आहे. तुम्ही बाजूला शोधताय.

त्याला कळलं नाही, तुला कळावं म्हणून लिहिते. मी सदतीस वर्षं वॉर्डात काढली. लघवीची नळी घातलेल्या पेशंटची पिशवी कुठे टांगतात? खाटेच्या खाली. नवी पोरगी ड्यूटीवर आली की एकदा तरी ती पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवते, चादर बदलताना मध्ये येते म्हणून. मग काय होतं? बाहेर गेलेलं सगळं आल्या वाटेने परत आत. मी अशा पोरींना वॉर्डभर ओरडले आहे. तुझं गटार ही नळी आणि खाडी ही पिशवी. ओहोटीला पिशवी खाली असते, तेव्हा सगळं छान वाहतं. अमावस्येच्या उधाणाला खाडी आपल्या अंगणाच्या वर चढते. तेव्हा पिशवी पोटावर. आज आळीतली सखल जागा कुठल्याच वाटेने खाडीला जोडलेली नाही, म्हणून खाडी आत येऊ शकत नाही. तुम्ही तिला वाट करून देताय आणि वर तिला निचरा म्हणताय.

ठेकेदार म्हणाला, मॅडम, तुम्ही नर्स आहात ना, मग इंजिनीअरचं काम इंजिनीअरला करू द्या. मी म्हटलं, जरूर करू द्या, माझ्या बांधापलीकडे.

आज सकाळपासून मी बांधावर खुर्ची टाकून बसले आहे. छत्री, थर्मास, रोजरीची माळ. ही जागा माझ्या नावावर आहे, इथून मला उठवायला कागद लागेल आणि तो त्यांच्याकडे नाही. जीना दुपारी कोकम सरबत घेऊन आली, तुझ्यापासून लपवून. आता लपलं नाही. सॉरी जीना.

ॲंजेला


भुईगाव, १६ जून

इनास,

हस. आधी हसून घे, मग वाच.

गेल्या आठवड्यात तीन दिवस धो धो कोसळला आणि तुझं गटार एखाद्या नदीसारखं वाहिलं. तुझं अंगण कोरडं, रस्ता कोरडा, नऊ सह्यांची नऊ अंगणं कोरडी. आळीच्या ग्रुपवर माझ्या बावखलाचा फोटो फिरला, खाली लिहिलेलं ‘ॲंजेला आंटीचा स्विमिंग पूल’. तो फोटो कोणी काढला मला माहीत आहे, त्याच्या बापाला टायफॉइड झाला तेव्हा मी रात्रपाळी करून परत घरी सुया टोचायला जायचे. असो.

माझ्याकडे पाणी मागच्या पायऱ्या चढून स्वयंपाकघरात आलं. गॅसचा सिलिंडर तरंगायला लागला. मी पिठाचे डबे माळ्यावर चढवले, आणि ओव्हनमध्ये एक बेडूक सापडला, नाताळचा केक भाजतात त्याच ओव्हनमध्ये. साठ वर्षांत या घरात पाणी आलं नव्हतं. का आलं ते तुला सांगायला नको, पण सांगते. ते तुझ्या बाजूचं पाणी. त्याची जागा तू गुलाबी टाइल्सना दिलीस, म्हणून ते माझ्याकडे आलं. घरचंच होतं, बसू दिलं. पुढच्या ओट्यावर चूल मांडून दोन दिवस तिथेच भात शिजवला.

दुसऱ्या दिवशी जीना साडी खोचून आली आणि माझ्याबरोबर बादल्या उपसायला लागली. जाताना म्हणाली, “बाय, आता तरी पाइप घालू द्या ना. तुमचा हट्ट तुम्हालाच बुडवतोय.” जीना तुझी बायको आहे, पण माझ्याशी ती नेहमी खरं बोलते, म्हणून तिचं लागलं. त्या रात्री खरंच वाटलं, ॲंजेला, तुझं चुकतंय. वय झालं, वॉर्ड सुटला, ओरडायला कोणी उरलं नाही म्हणून तू गटारावर ओरडतेस.

सकाळी उठून बांधावर गेले. पाणी एक वीत उतरलं होतं. पाइप नाही, पंप नाही, कुठे वाहून गेलं नाही. खाली गेलं. तुझ्या विहिरीत, माझ्या विहिरीत. मग म्हटलं, मी चुकले असेन तर जूनपुरती चुकले. जूनमध्ये पाऊस पडला तेव्हा उधाण नव्हतं. दोघे एका दिवशी येऊ देत.

आणि हो, डासांची तक्रार तू केलीस हेही कळलं. बावखलात मी गप्पी मासे सोडलेत. तुझ्या गटारात कोण सोडणार?

बांधावरची, ॲंजेला


भुईगाव, २८ जुलै

इनास,

आळी सांगेल त्याआधी माझ्याकडून ऐक. तू आणि जीना शुक्रवारी अर्नाळ्याला क्रिस्टिनाच्या घरी साखरपुड्याचं ठरवायला गेलात, रस्ता पाण्याखाली गेला आणि तिथेच अडकलात. रायन एकटा घरी होता. तुझ्या हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी आलं, सोफा गेला, आणि ते येणं मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. आता सगळं सांगते.

शनिवारी सकाळपासून पाऊस आणि उधाण, दोघे एकत्र. अकराच्या सुमारास रायन धावत आला. “आत्या, गटार उलटं वाहतंय.” मी जाऊन पाहिलं. गटाराच्या तोंडातून पाणी बाहेर येत होतं, मातकट, फेस घेऊन, त्यात खाडीतल्या काटक्या आणि एक चप्पल. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारं.

तोवर आळीतले सात-आठ जण तुझ्या अंगणात पोचले होते. पहारी घेऊनच आले. सगळ्यांचं एकच म्हणणं, बांध फोडा, पाणी बावखलात उतरेल, घरं वाचतील. आणि ते खरंही होतं, इनास. माझं बावखल तुझ्या अंगणापेक्षा खाली, बांध फोडला असता तर खाडी झपकन तिकडे उतरली असती. तुझ्या उंबऱ्याला पाणी लागलं नसतं. पण बावखलात खाडी शिरली की पुढची किती वर्षं बारा घरांच्या विहिरी खाऱ्या होतील कोण जाणे. मिठाला जिरायला लावलं तर तेही जिरतं, आणि मग ते बाहेर निघत नाही.

मी बांधावर उभी राहिले. खुर्ची नव्हती, खुर्ची वाहून गेली होती. म्हटलं, फोडायचा तर आधी मला बाजूला करा. कोणी हात लावला नाही. निम्म्या लोकांना मी लहानपणी टोचलंय, ती भीती वय वाढलं तरी जात नाही.

रायन फोनवर क्रिस्टिनाशी बोलत होता. अर्नाळ्याच्या मच्छीमाराची पोरगी, तिला भरती घड्याळासारखी पाठ. त्याने फोन माझ्या कानाला लावला. ती म्हणाली, “आत्या, पानी अजून चढनार हाय. भरती पुरी व्हायला अजून येळ हाय. काय करायचं ते आताच करा.”

वॉर्डात नळीतून उलटं यायला लागलं की आपण काय करतो? आधी नळीला चिमटा लावतो. बाकीचं नंतर. मी म्हटलं, गटाराचं तोंड बंद करा. कशाने, तर कोणाला काही सुचेना. रेतीची पोती कोणाकडे नव्हती. मग मी घरात गेले आणि माझी गादी ओढत आणली. आईच्या लग्नातली कापसाची, तीच. रायन आणि मी ती गुंडाळून गटाराच्या तोंडात ठोसली, वरून तुझ्या भरावातले दगड, गुलाबी टाइल्स आणि ते अर्धं वॉशबेसिन. तेवढा एक उपयोग झाला तुझ्या भरावाचा. कापूस पाणी पिऊन फुगला आणि तोंड बंद झालं. त्या वेळेपर्यंत तुझ्या हॉलमध्ये पाणी गेलेलं होतं आणि रस्त्याकडेच्या तुझ्या विहिरीतही. ती मला वाचवता आली नाही. त्याचं मला वाईट वाटतं, विहिरीचं. सोफ्याचं नाही.

ओहोटी लागल्यावर क्रिस्टिनाने फोन केला. आम्ही गादी काढली, अंगणातलं खारं पाणी आल्या वाटेने खाडीला गेलं, मग पुढच्या भरतीआधी गादी पुन्हा आत. पाऊस चालूच होता. आता जे अंगणात साचत होतं ते वरून पडलेलं, मी पुन्हा चाखून पाहिलं, गोड. तेव्हा पहार मी मागून घेतली आणि बांध माझ्या हाताने फोडला. पाणी बावखलात उतरलं. माझं स्वयंपाकघर परत बुडालं. ग्रुपवर फोटो कोणी टाकला नाही.

तुझ्या भरावाचा एक कोपरा खचलाय, तो जाऊन बघ. आणि गटाराचं तोंड उघडू नकोस. उघडलंस तर पुढच्या उधाणाला माझ्याकडे दुसरी गादी नाही. मी चटईवर झोपते आहे, पाठ दुखते, पण कुरकुर नाही.

रायन पोरगा चांगला आहे. भिजून काकडत होता तरी मला म्हणाला, आत्या, तुम्ही आत जा. मी गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

ॲंजेला


भुईगाव, १० सप्टेंबर

इनास,

दीड महिना झाला, तू उत्तर दिलं नाहीस. गादी मात्र दिलीस पाठवून, फोमची, नवी. मला फोमवर झोप येत नाही. परत पाठवत नाही, पण झोप येत नाही हे तुला कळलं पाहिजे.

तुझी विहीर अजून खारी आहे. दर दोन दिवसांनी टँकर येतो तो मला दिसतो. जीना पिण्याचं पाणी माझ्याकडून नेते, पुढच्या दाराने, उजेडात. तिला मी सांगितलंय, लपूनछपून न्यायचं असेल तर मिळणार नाही.

आता कामाचं. मी विचार करून ठेवलाय, नाही म्हणण्याआधी पूर्ण वाच.

मी लग्न केलं नाही, म्हणून तू आईच्या देखत आणि आईच्या मागे एकच वाक्य बोलत आलास, बायचं शेवटी सगळं रायनचंच. मला त्या वाक्याचा राग यायचा, मिस्सानंतर ओट्यावर त्यावरूनच मी ओरडले आणि तू यंत्र काढलंस. वाटायचं, मी जिवंत असताना हा माझी विल्हेवाट लावतोय. आता मीच म्हणते, रायनचंच आहे ना, मग शेवटापर्यंत थांबायचं कशाला? वाडीतली पूर्वेकडची माझी उंच जागा आहे, राजेळी केळी आणि मोगऱ्याचे वाफे आहेत ती. बाबांच्या काळापासून तिथे पाणी चढलेलं नाही, त्या उधाणाच्या शनिवारीही चढलं नाही. ती घे. त्यावर रायनचं घर बांध. बदल्यात तुझी बावखलाची बाजू मला दे, भरावासकट.

लोक म्हणतील, बाईने उंच जमीन देऊन खड्डा घेतला. घेतला. म्हणू देत.

केळी तोडायला मला जिवावर येईल, ते मी जीनाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेईन. तुझ्यासमोर नाही. मोगऱ्याचे वाफे क्रिस्टिनाने ठेवायचे असतील तर अंगणात ठेवावेत, नसतील तर तिची मर्जी. सासूने आणि आत्याने एकाच वेळी सल्ले दिले तर पोरगी तुळिंजलाच पळेल.

माझ्या अटी दोनच. भराव सगळा उपसायचा, लग्नाआधी, खालची काळी माती लागेपर्यंत. आणि गटाराचं आपल्या आळीकडचं तोंड विटांनी कायमचं बंद करायचं. गटार रस्त्याचं पाणी नेतंय ते नेऊ दे, रस्ता त्याचाच आहे. आळीचं पाणी आळीत बसेल.

माफी मागायला येऊ नकोस. माफीने खड्डा खोल होत नाही, त्याला जेसीबी लागतो.

माझ्यानंतर हे बावखल रायनचं, कधीही भरायचं नाही या बोलीवर. ही बोली मी क्रिस्टिनाकडून घेतली आहे, रायनकडून नाही. तो तुझ्यावर गेला असेल तर काय घ्या.

ॲंजेला


भुईगाव, ७ नोव्हेंबर

इनास,

जयवंतीने मासे बंद ठेवलेत, ती लग्नाला नटते आहे. म्हणून हे पत्र रायन आणतोय. याला बोंबलाचा वास येणार नाही, ओळखता आलं नाही तर सही बघ.

गेल्या महिन्यात एका सकाळी काहीही न सांगता तू जेसीबी आणलास. मी काठावर आले, तू त्या काठावर. मला वाटलं आता काही बोलशील. तू मशिनवाल्याला हाताने दाखवत होतास, इथे अजून, इथे अजून. गुलाबी टाइल्स परत डंपरमध्ये गेल्या. भरावाच्या तळाशी काळी माती लागली तेव्हा मशीन थांबवून तू चप्पल काढून आत उतरलास आणि मातीत पाय दाबून बघितलंस. थोड्या वेळाने तुझ्या पायांभोवती पाणी आलं. वरून नाही, खालून. तू वाकलास, बोट बुडवलंस आणि तोंडात घातलंस. मग माझ्याकडे बघून, गोड आहे, अशी मान हलवलीस. मी मान हलवली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि हललं की ते पडलं असतं.

तेव्हापासून बावखल पुन्हा एक आहे, गटाराच्या तोंडाला विटा लागल्या आणि केळीच्या जागेत रायनच्या घराची आखणी झाली. बेडकांना आधी जागा कळली, माणसांना नंतर. ग्रुपवर कोणी तरी लिहिलं की आपल्या आळीने बावखल वाचवलं. आपल्या आळीने. नऊ सह्या करणारी आळी ती. मी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं, लग्नघरात भांडण नको.

उद्या पाणी भरायचं, परवा लग्न. आपल्या आळीची रीत तुला माहीत आहे. नवऱ्या मुलाच्या आंघोळीचं पाणी बँड लावून बावखलावरून आणतात आणि पहिली कळशी त्याची आत्या भरते. तुझ्या लग्नात बाबांच्या बहिणीने भरली होती, पायरीवरून घसरून कमरेइतकी पाण्यात गेली तरी कळशी सोडली नाही. गेल्या मे महिन्यात तुझी बाजू बुजताना मी काय विचार करत होते सांगू? रायनची कळशी मी कुठून भरणार आणि मला बोलावतील तरी का. चार वर्षांत त्या एका विचाराने मला जेवढं जाळलं तेवढं तुझ्या गप्प बसण्याने नाही. बस, एवढंच. हे मी एकदाच लिहिते आहे.

आज संध्याकाळी दिवे लावताना तू काठावर आलास आणि हाक मारलीस. “बाय, उद्या पानी भराया ये.” आईसारखं बोललास, बँकेसारखं नाही. यंत्र कानात नव्हतं तुझ्या, म्हणून आपला आवाज किती मोठा आहे ते तुला कळलं नाही. चर्चमध्ये रोजरीची प्रार्थना चालली होती, तिथली बायकामाणसं थांबली असतील. सगळ्या आळीने ऐकलं.

मीही ऐकलं. आणि खिडकी लावून घेतली.

चार वर्षं मी या काठावरून बोलले आणि तू खिशात यंत्र ठेवून उभा राहिलास. त्यातली एक रात्र मला हवी आहे, एकच. ऐकून न ऐकल्यासारखं करायला कसं वाटतं ते मला बघायचं आहे. खरं सांगते, फार चांगलं वाटत नाही. तू चार वर्षं कसं केलंस मला कळत नाही.

उद्या सकाळी बँड यायच्या आधी परत काठावर ये. या वेळी यंत्र कानात घालून ये, कारण मला उत्तर द्यायचं आहे आणि ते मी ओरडून देणार नाही. तांब्याची कळशी चिंच लावून घासून ठेवली आहे. मी खालच्या पायरीवर बसलेली असेन, पाय पाण्यात सोडून. पहिल्या हाकेला उठणार नाही. दुसरी मारावी लागेल.

बाय